नाव शेगडीचं

"घरात कोणाला शुगर आहे का?" दुकानदारांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

प्रश्न साधा होता, उत्तरही साधं होतं. फक्त ते खोटं होतं. माझ्या आईला चौदा वर्षांपासून मधुमेह होता, आणि ब्लँकेट मी तिच्यासाठीच घेत होते.

बुधवार पेठेतलं इलेक्ट्रिकच्या सामानाचं ते जुनं दुकान. दुकानदार साठीच्या पुढचे, शिरोळकर नावाचे, गळ्यात मफलर आणि चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी तीन ब्लँकेटं काढून काउंटरवर पसरली आणि आधी कुठलं घेऊ नका ते सांगितलं. "हे स्वस्तातलं आहे. याला थर्मोस्टॅट नाही, तापलं की तापतच राहतं. हे दुसरं बरं आहे, पण याची वायर बारीक. हे घ्या. एक, दोन, तीन असं बटण आहे, आपोआप बंद होतं, वर आयएसआयचा शिक्का आहे." मी मरून रंगाचं ते तिसरं घेतलं. तरी त्यांचं संपेना. ब्लँकेट गादीवर सपाट अंथरायचं, वर चादर घालायची. घडी पडू द्यायची नाही. पिन टोचायची नाही. चालू असताना वर जाड गोधड्यांचा ढीग रचायचा नाही. झोपायच्या आधी अर्धा तास लावायचं आणि आडवं होताना बंद करायचं.

मी शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवत होते. विद्युतधारेने उष्णता कशी निर्माण होते हा धडा बावीस वर्षं शिकवून माझा तोंडपाठ झाला होता, आणि हा माणूस मला घडी घालू नका म्हणून शिकवत होता. मी घड्याळाकडे पाहिलं.

"वय काय त्यांचं?"

"बहात्तर."

"पायाला मुंग्या येतात? बधिरपणा?" त्यांनी खोक्यातून सूचनांचं छोटं पुस्तक काढलं, एका ओळीखाली बॉलपेननं रेघ मारली. "ताई, हे सगळ्यांना सांगतो मी. ज्यांच्या पायाला गरम कळत नाही, त्यांनी हे वापरायचं नाही. भाजतं आणि समजत नाही. शुगरवाल्यांचं तसंच होतं, म्हणून विचारलं."

"तसं काही नाही हो," मी म्हणाले. "बांधून द्या."

त्यांनी बांधून दिलं. नाशिकच्या एसटीत मी सिन्नर येईपर्यंत खोकं मांडीवर धरून बसले होते. सिन्नरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी सुतळी सोडली, ते पुस्तक काढलं, पर्समध्ये घातलं आणि सुतळी परत बांधली. शेजारची बाई शेंगा खात होती, तिनं पाहिलं, पण तिला काय कळणार.

आमचं गाव निफाडपासून सहा-सात किलोमीटरवर. निफाडची थंडी पुण्यातल्या लोकांना पेपरात वाचून माहीत असते. आम्हाला ती हाडांत माहीत आहे. पहाटे पाइपातलं पाणी गोठतं, द्राक्षाच्या बागेत धूर करावा लागतो, म्हाताऱ्या माणसांची सकाळ दहाला उजाडते. माझा धाकटा भाऊ भागवत बागायत बघायचा. आई त्याच्याकडे. आईचं सगळं रंजना करायची, भागवतची बायको. गोळ्या, पथ्याची बाजरीची भाकर, रोज संध्याकाळी पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं. मी वर्षातून तीनदा जायची आणि आल्या आल्या रंजनाच्या कारभारात काय काय चुकतं ते सांगायची. नणंदेचा हक्क असतो तो. शिवाय मी थोरली, शिकलेली आणि नोकरीवाली. घरात सगळे मला अक्का म्हणत आणि माझ्यापुढे कोणी दुसरं बोलत नसे.

नाताळच्या सुट्टीतला तो दिवस. मी खोकं उघडलं आणि आईच्या खाटेवर ब्लँकेट पसरलं. आई कौतुकानं हात फिरवत बसली. तासाभरात आळीतल्या चार बायका जमल्या.

"यात वायर हाये, मंग शॉक नाही बसत?" एकीनं विचारलं.

"माझी लेक मास्तरीण हाये," आई म्हणाली. "तिनं बघूनच आणलं आसंल ना."

बायका एकेक करून त्यावर तळहात ठेवून गेल्या. आई प्रत्येकीला बटण दाबून दाखवत होती. तिच्या हातच्या गोधड्या साऱ्या गावात प्रसिद्ध. बारीक धावदोरा घालावा तर तिनंच. पण त्या दिवशी ती म्हणाली, "आता कशाला गोधडी? लेकीनं विजेची गोधडी आणली."

बायका गेल्यावर रंजना जवळ आली. "अक्का, हे अंथरायचं का पांघरायचं?"

"अंथरायचं. वर चादर. झोपायच्या आधी अर्धा तास लावायचं, झोपताना बंद."

"बंद केल्यावर मंग पहाटं काय करू?" आई म्हणाली. "मरन तर पहाटंचंच हाये."

मी जरा विचार केला. विचार कसला, मला लवकर निघायचं होतं. "मग एकवर ठेव रात्रभर. एकवर काही होत नाही."

रंजना हललीच नाही. "यात कागद नाही का, अक्का? मिक्सरच्या खोक्यात निघाला होता."

"पुण्यालाच राहिला बहुतेक."

पर्स माझ्या खांद्यालाच होती.

"नाही, मी म्हनलं विचारून घ्यावं. आईंच्या पायाला समजत नाही आता. परवा अंगणातून घरात आल्या तर एका पायात चप्पलच नव्हती. कुढं पडली ते कळलं नाही त्यांना."

"रंजना," मी म्हणाले, "मी विज्ञान शिकवते. मला सांगतेस?"

"तसं नाही अक्का."

"मग झालं."

आईनं माझी बाजू घेतली, तशी ती नेहमीच घ्यायची. "तू नको डोकं लावू गं रंजना. तिला कळत नाही का?" रंजना चूल बघायला आत गेली. मी दुपारच्या गाडीनं पुण्याला परतले. खिडकीशी बसून मला हलकं हलकं वाटत होतं, एक काम मार्गी लावल्यासारखं.

दोन आठवड्यांनी रंजनाचा फोन आला. मी स्टाफरूममध्ये होते, समोर पेपरांचा गठ्ठा.

"अक्का, आईंच्या टाचेला लाल दिसू ऱ्हायलं. करंगळीच्या बाजूलाही. मी बंद करू का ते?"

"दुखतंय का तिला?"

"दुखत नाही म्हनत्यात. पण त्यांचं दुखनं कळत कुढं..."

"थंडीनं होतं तसं. खोबरेल लाव. आणि दर वेळी मला फोन करून विचारत जाऊ नकोस, माझा तास असतो."

"बरं."

मी फोन ठेवला. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "भावजय. जरा भित्री आहे." आणि पेपर ओढला. त्या दिवशी तीन शब्द बोलायचे होते, बंद कर ते. मी ते बोलले नाही. का बोलले नाही, ते पुढे सांगते. सांगायला अजूनही जड जातं.

संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी भागवतचा फोन आला. आईला नाशिकला दवाखान्यात आणलंय, ये. मी पोचले तेव्हा आई व्हरांड्यालगतच्या खोलीत पडून होती. पाय उघडा होता, नर्स पट्टी बदलत होती. मी पाहिलं. टाचेच्या मागच्या बाजूला रुपयाएवढी जखम काळी पडलेली, आणि बाहेरच्या कडेनं करंगळीपर्यंत तसंच. वास येत होता. आई माझ्याकडे बघून हसली.

तिशीतले एक डॉक्टर आत आले. त्यांनी फाइल उघडली. "आजी, हे भाजलेलं आहे. कशानं भाजलं?"

आईनं डॉक्टरांकडे बघितलं, मग छताकडे. "शेगडीनं. थंडी व्हती. पाय शेकत बसले, डोळा लागला."

"शेगडी कुठे होती? खाली?"

"खाटंपाशी. पायाशी."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी त्यांच्या शेजारी उभी होते. शेगडीनं माणूस भाजतो तो समोरून भाजतो, तळव्याला नाहीतर बोटांना. आईची टाच मागून भाजली होती, उताणं झोपल्यावर अंथरुणाला टेकते तिथं. हे डॉक्टरांना दिसत नव्हतं, कारण शेगडी म्हटल्यावर त्यांनी पुढे पाहिलंच नव्हतं. मला दिसत होतं. मी विज्ञान शिकवत होते ना.

डॉक्टर म्हणाले, "आठ-दहा दिवस झालेत याला. शुगर चारशेच्या वर. आपण पाय वाचवायचा प्रयत्न करू, पण किती वाचेल ते आत्ता सांगता येत नाही." ते गेले.

दारातून बाहेर आले तर व्हरांड्यात बाकावर भागवत, आमचा मामा आणि रंजना. रंजनाच्या मांडीवर डबा होता. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"शेगडी खाटेपाशी ठेवतात का गं? तिच्या पायाला समजत नाही हे तुला माहीत नव्हतं?"

हे तिनंच मला सांगितलं होतं, तीन आठवड्यांपूर्वी, तिच्याच घरात. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता बोलेल. मला वाटतं, मी तेवढ्यासाठीच विचारलं होतं. ती बोलली असती तर माझं ओझं उतरलं असतं आणि मला भांडता आलं असतं.

"चुकलं माझं, अक्का," ती म्हणाली.

मामा जमिनीकडे बघत होता. भागवत उठला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, "घरात दोन दोन मानसं असून एका म्हातारीचं बघता येत नाही." हे मला उद्देशून नव्हतं.

दोन दिवसांनी आईचं अर्धं पाऊल काढावं लागलं. टाचेची जखम वरवरची निघाली, ती खरवडून टाच राखली; करंगळीकडून सड आत गेली होती, तो पुढचा भाग गेला. डॉक्टर म्हणाले, आजींचं नशीब चांगलं, गुडघ्यापर्यंत नाही गेलं. मी आईपाशी तीन दिवस राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी भागवत जेवायला गेला होता, खोलीत आम्ही दोघीच.

"आई, ते ब्लँकेट कुठंय?"

"ठेवून दिलंय."

"किती दिवस लावत होतीस?"

"दोन रात्री लावलं. मला भ्या वाटलं, बंद करून टाकलं. भागवतला बी सांगितलंय तसं."

"आई. खरं सांग."

"सांगितलं ना शेगडी." तिनं मान पलीकडे वळवली. मग माझ्या हातावर आपला हात ठेवला. "तू जेवली का? तुझ्या पोराची परीक्षा हाये, जाय तू."

मी गेले. ही गोष्ट मला सांगायची आहे. मी खरोखर गेले.

त्यानंतर आई सहा वर्षं जगली. नाशिकच्या एका कारागिरानं तिच्यासाठी बूट बनवून दिला. बुटाच्या पुढच्या रिकाम्या भागात ती गोधडीच्या चिंध्या कोंबायची आणि काठी घेऊन अंगणात फिरायची. म्हणायची, "अर्धा पाय चिंध्यांचा हाये माझा." बायका हसायच्या. मी दिवाळीला आणि मे महिन्यात जायची. रंजना माझं तसंच करायची, उतरल्यावर पायावर पाणी, ओटीत नारळ, निघताना डबा. माझ्या आवडीची शेवग्याची भाजी ती विसरत नसे. एकच बदल होता. मी तिच्या चुका काढणं बंद केलं होतं. भागवतला ते दिसलं आणि तो म्हणाला, "अक्का किती बदलली, पहा. पहिल्यासारखी बोलत नाही हिला. मन मोठं हाये तिचं."

तो मात्र बोलायचा. मनाचा दुष्ट नव्हता, पण रागाला जागा लागते ना. भाजी करपली की म्हणायचा, "हिची आच नेहमी जास्तच." पाहुण्यांनी आईच्या पायाचं विचारलं की हातानं रंजनाकडे दाखवून म्हणायचा, "हिची शेगडी." एकदा गावातल्या लग्नाच्या मांडवात, शंभर माणसांत. रंजना पंगतीत वाढत होती. तिच्या हातातलं भांडं जरा खाली आलं, आणि मग तिनं पुढच्या पानावर वरण वाढलं. मी त्याच पंगतीत बसले होते. माझ्या पानावर वरण वाढून झालं होतं. मी भात कालवला.

ते सूचनांचं पुस्तक माझ्याकडे होतं. आजही आहे. कपाटात, माझ्या मुलाच्या, नीरजच्या बारावीच्या निकालाच्या फाइलीत. शिरोळकरांनी मारलेली रेघ जरा पुसट झालीय, वाचता येते.

आई गेली तेव्हा छाटणीचे दिवस होते. वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याला निघणार होते. भागवत बागेत औषध मारायला गेला होता, दहाला येऊन मला निफाडला सोडणार होता. रंजनानं मला आतल्या खोलीत बोलावलं. लोखंडी पेटी उघडली आणि एक गोधडी काढली.

"आईंनी तुमच्यासाठी शिवलेली. म्हनल्या व्हत्या, माझ्यानंतर दे."

वरून आईच्या लुगड्यांचे तुकडे, हिरवे, अंजिरी, एक इरकली. चारी बाजूंनी काठ. मध्ये धावदोरा इतका बारीक की हात लावला तरच कळावा. मी ती मांडीवर घेतली. जड होती आणि मऊ होती. बोटांनी दाबलं तर आत जाड कापड लागलं, आणि त्या कापडात ओळीनं पन्हळी, एका अंतरावर, वळसे घेत जाणाऱ्या. रिकाम्या पन्हळी. काठाला एक टाका सैल होता. त्या फटीतून मी बघितलं. मरून रंग.

मी रंजनाकडे बघितलं. ती पेटीतल्या घड्या नीट करत होती.

"वायर मी काढली पकडीनं," ती म्हणाली. "आई दवाखान्यात व्हत्या तवाच. त्यांनी सांगितलं, भागवतच्या नजरंला पडायला नको. जाळून टाकते म्हनलं, तर नको म्हनल्या. लेकीनं आणलेलं हाये, जाळू नको."

"तुला तिनं काय सांगितलं?"

रंजनानं पेटी बंद केली आणि तिच्यावर बसली. पहिल्यांदा ती माझ्यासमोर अशी बसली असेल.

"दवाखान्यात न्यायच्या आधल्या दिवशी. मी म्हनलं, आई, हे त्या ब्लँकेटनं झालं, मी यांना सांगते. तर माझा हात धरला. म्हनल्या, तुझ्या लेकराची शपथ हाये तुला. भागवतला कळलं तर तो तिला या उंबऱ्यात उभी करायचा नाही. मी किती दिवसांची? मी गेल्यावर माहेर तुझ्या हातात हाये. तू ठेवशील तर ऱ्हाईल. मंग म्हनल्या, नाव शेगडीचं होऊ दे. शेगडीला काय लागतंय."

"आणि तुला?"

"मला काय," ती म्हणाली.

बाहेर कोणाची तरी गाय हंबरली. मग ते बोलले, जे सात वर्षं कोणालाच बोलले नव्हते. दुकानदारानं मला विचारलं होतं. मी नाही म्हणाले होते. पुस्तक पर्समध्ये होतं, तू विचारलंस तेव्हासुद्धा. रंजना ऐकत होती. तिला नवल वाटलं नाही, किंवा वाटलं असेल तर तिनं दाखवलं नाही.

"एक विचारू, अक्का?" ती म्हणाली. "का पन?"

आणि हे मी पुढे सांगते म्हणाले होते ते. त्या वर्षी दिवाळीत आईनं मला विचारलं होतं. ओट्यावर आम्ही दोघीच होतो. ती म्हणाली, "शैले, यंदा थंडीचे दोन महिने तुझ्याकडं येऊ का? इथली सोसत नाही आता." आईनं आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. मी म्हटलं, नीरजचं बारावीचं वर्ष आहे, दोनच खोल्या आहेत, सासूबाई आहेत. सगळं खरं होतं. मग मी म्हटलं, मी तुला असं काही आणून देते की तुला थंडी वाजणारच नाही. दुकानात शिरोळकरांना मी हो म्हटलं असतं तर ते ब्लँकेट मला मिळालं नसतं, आणि मग आईला आणावं लागलं असतं. रंजनाच्या फोनवर बंद कर म्हटलं असतं, तरी तेच. म्हणून मी नाही म्हणाले, दोन्ही वेळा. बास, एवढंच कारण होतं.

हे मी रंजनाला सांगितलं. "आईंनी मला कधी बोलून नाही दाखवलं, तुमच्याकडं येते म्हनाल्याचं," ती म्हणाली. नंतर उठली. "चहा टाकते."

"मी भागवतला सांगणार आहे," मी म्हणाले. "आज."

ती दारात थांबली. "आईंची शपथ मला व्हती. तुम्हाला नव्हती." आणि गेली.

भागवत दहाला आला. हातपाय धुऊन ओट्यावर बसला. मी त्याच्यासमोर बसले, गोधडी मांडीवरच होती. पाठ ताठ, पहिल्यांदा वर्गावर उभी राहिले होते तशी.

"भागवत, आईचा पाय शेगडीनं नाही भाजला."

"मंग?"

"मी आणलेल्या ब्लँकेटनं. शुगरवाल्यांना ते चालत नाही हे मला माहीत होतं, दुकानात सांगितलं होतं त्यांनी. रंजनानं मला फोन करून विचारलं होतं, बंद करू का. मीच तिला गप्प केलं."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो हसला, मान हलवत.

"अक्का, आईनं ते दोन रात्रीत बंद केलं व्हतं. मला सोता सांगितलंय तिनं. तू कशाला हिचं सोतावरती घेऊ ऱ्हायली? श्राद्ध झालं म्हनून? काल मी जरा जास्त बोललो हिला पाहुण्यांत, ते तुला लागलं ना?"

"नाही रे, खरंच—"

"मला माहीत हाये ना तू कशी हाये. पहिल्यापासून दुसऱ्याचं आपल्या अंगावर घ्यायची. शाळेत माझी पाटी फुटली तरी तू मार खाल्ला व्हता." त्यानं डोळे पुसले. "जाऊ दे आता. तुझ्या शब्दाखातर मी हिला पुन्हा बोलनार नाही. झालं समाधान?"

गोधडी माझ्या मांडीवर होती. काठाचा सैल टाका माझ्या बोटाखाली होता. तो एक टाका उसवून आतलं मरून कापड त्याला दाखवलं असतं, तरी पुरलं असतं. नाहीतर पुण्याला जाऊन ते पुस्तक पोस्टानं पाठवलं असतं. मला हे सगळं त्याच क्षणी सुचलं होतं. मी काहीच केलं नाही. मी म्हटलं, "झालं," आणि श्वास सोडला.

आणि मला बरं वाटलं. खरं सांगते, अगदी बरं वाटलं. सांगितल्याचंही पुण्य आणि माहेरही शाबूत. माझा चेहरा तसा झाला असणार, कारण वर बघितलं तर दारात रंजना उभी होती, हातात वाटी, आणि ती माझ्या चेहऱ्याकडेच बघत होती. तिनं सगळं ऐकलं होतं आणि सगळं पाहिलंही होतं.

भागवत गाडी काढायला गेला. रंजना ओट्यावर आली. वाटीत दही होतं, निघताना हातावर द्यायचं असतं ते. ती माझ्यासमोर वाकली.

"हात पुढं करा, अक्का."

मी गोधडी बाजूला ठेवून हात पुढं केला. तिनं चमच्यानं दही घातलं आणि मी ते चाटून खाल्लं. साखर घालायला ती विसरली नव्हती.